ज्युनिपर, मोरपंखी आणि टाकीवरचा पिंपळ

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये होस्टेलवर कुणाच्या ना कुणाच्या नावानं एक छोटं पाकीट येतं. पाकिटावर वाकडंतिकडं, शंभर वर्षांचं वाटावं असं हिरवंगार झाड छापलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'ज्युनिपर बोन्साय सीड्स'. आत दहा-पंधरा बिया. मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ग्राउंडवरची काळी माती भरली जाते, बिया टोचल्या जातात आणि डबा खिडकीत जातो. येणारा-जाणारा विचारतो, "हाई काय शे भो?" दिवाळीपर्यंत त्यात काहीही उगवत नाही. फार तर हरळी उगवते. दिवाळीनंतर त्या डब्यात कपड्याचा साबण राहायला येतो.

यात पाणी घालणाऱ्याचा दोष फारसा नाही. मुळात 'बोन्साय बी' नावाची वस्तू जगात नाही. बोन्साय ही झाडाची जात नव्हे. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणं. तबकात लावलेलं, छाटून आणि वळवून लहान ठेवलेलं कुठलंही झाड म्हणजे बोन्साय. तेच बी जमिनीत रुजलं असतं तर त्याचं चांगलं उंच झाड झालं असतं. त्यातून ज्युनिपरचं बी म्हणजे महाहट्टी. त्याचं कवच टणक असतं आणि आतला अंकुर झोपलेला असतो. त्याला जागं करायला महिनोन् महिने ओलसर थंडी लागते, काही जातींना आधी ऊब, मग थंडी असं चक्र लागतं. हिमालयात हे काम बर्फ करतो, चाळीसगावच्या खिडकीत कोण करणार? आणि इतकं करून उगवलंच तर ते आईसारखं असेल याचीही खात्री नाही. म्हणून जपानी, चिनी किंवा आपल्याकडचे रोपवाटिकावाले ज्युनिपर बियांपासून करतच नाहीत. ते फाटे लावतात, गुटी बांधतात. हा लेख त्या दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या खानदेशात करायच्या तर काय बदलावं लागतं याबद्दल.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. ज्युनिपर हे सरू-सायप्रसच्या कुळातलं झाड. उत्तर गोलार्धातल्या थंड, कोरड्या, खडकाळ जागा हे त्याचं घर. आपल्या देशात ते हिमालयात रानात वाढतं. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याची पानं धुपासारखी जाळतात. आयुर्वेदातली हपुषा किंवा हाऊबेर म्हणजे एका ज्युनिपरचंच फळ. सातपुड्यात किंवा अजिंठ्याच्या डोंगरात मात्र ते सापडत नाही. बोन्सायवाल्यांचं आवडतं ज्युनिपर म्हणजे चिनी ज्युनिपर आणि त्यातलाच बारीक पानांचा 'शिम्पाकू', शिवाय जमिनीलगत पसरणारा 'प्रोकम्बेन्स नाना'. आपल्याकडच्या नर्सरीत 'ज्युनिपर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक चिनी ज्युनिपरच असतं.

त्याचा एक चुलतभाऊ मात्र तुम्ही शाळेपासून ओळखता. तोच तो, ज्याचं चपटं, जाळीदार पान आपण पुस्तकात ठेवायचो आणि त्याला 'विद्या' म्हणायचो! मोरपंखी. शाळा, पंचायत समिती, दवाखाना, कुठल्याही सरकारी बागेच्या फाटकापाशी दोन मोरपंख्या उभ्या असतातच. तीही मूळची चीन-कोरियाकडची, कूळ तेच. पण तिनं आपलं ऊन शेकडो आवारांत पचवून दाखवलंय. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ज्याला ज्युनिपरचा फाटा लावायला शिकायचंय त्यानं पहिला हात मोरपंखीवर बसवावा. कृती जवळजवळ तीच, माल फुकट. माळीकाकांना विचारलं तर ते छाटणीच्या वेळी टोपलीभर फाटे देतील.

आता खरा प्रश्न. ज्युनिपर चाळीसगावला जगेल का?

पुण्या-नाशकात लोकांनी उत्तम ज्युनिपर केलेत. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं 'बोन्साय नमस्ते' हे मोठं आंतरराष्ट्रीय बोन्साय प्रदर्शन आणि परिषद झाली, तेव्हापासून तर ही आवड बरीच पसरली. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातही बोन्साय पाहायला मिळतात. पण पुणं वेगळं, आपण वेगळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो. हवेचा आकडा ४४ असला तरी गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या मातीचा आकडा त्याच्याही वर असतो. मुळांची वाढ पस्तिशीच्या पुढे मंदावते, त्याहून वर ती भाजतात. दुसरी अडचण थंडीची. ज्युनिपरला वर्षातून काही आठवडे गारठ्यात झोप हवी असते. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या बोचऱ्या असतात, पारा दहाच्या आसपास येतो, त्यामुळे निदान डुलकी तरी मिळते. म्हणजे जगतं, पण लाडानं. आणि एका अटीवर, ते बाहेर असलं पाहिजे.

ही अट बहुतेकांना पटत नाही. चित्रात बोन्साय नेहमी टेबलावर दिसतं, म्हणून लोक ते टेबलावर ठेवतात. ज्युनिपरला रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. रूममधल्या ट्यूबलाइटखाली ते उपाशी मरतं, आणि मरतं तेही फार सभ्यपणे. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक पैसे इथेच बुडतात. ज्युनिपरची पानं खवल्यांसारखी, मेणचट असतात. त्यांतून पाणी फार हळू उडतं. त्यामुळे मुळं मेली तरी झाड पुढे कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. आपण त्याला पाणी घालत राहतो, फोटो काढत राहतो, आणि झाड कधीच गेलेलं असतं. दुकानातून आणलेला 'जिवंत' ज्युनिपर महिन्याभरात पिवळा पडला की लोक स्वतःला दोष देतात, पण कित्येकदा तो विकत घेतानाच मेलेला असतो. म्हणून घेताना तीन गोष्टी करा. पानं बोटांत चोळून बघा, कुरकुरीत आणि राखाडी झाक असेल तर सोडा. फांदीची साल नखानं किंचित खरवडा, खाली ओला हिरवा रंग दिसला पाहिजे. आणि शेंड्यांकडे बघा. जिवंत झाडाचे शेंडे बाकीच्या पानांपेक्षा फिकट, पोपटी असतात. हीच तपासणी पुढे आपल्या फाट्यांनाही लागू आहे.

तर फाटा. वेळ कोणती? पुस्तकात बहुतेक वेळा थंड देशांचं वेळापत्रक असतं, ते इथे उपयोगाचं नाही. आपल्याकडे दोन खिडक्या आहेत. एक पावसाळ्यातली, हवेत ओल असते पण बुरशीही असते. दुसरी ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. ज्युनिपर आणि मोरपंखीसाठी दुसरी बरी, कारण ऊन सौम्य असतं आणि मुळं फुटायला थंड-उबदार अशी सलग तीन-चार महिन्यांची मुदत मिळते. मार्चनंतर लावलेला फाटा म्हणजे लग्नाच्या मुहूर्तावर परीक्षेचं टाइमटेबल लागण्यासारखं. दोन्ही हातचं जातं.

झाडाचा निरोगी, उन्हातला भाग निवडा. कोवळा शेंडा नको, जून लाकूड नको. खाली बुडाशी तपकिरी होऊ लागलेली आणि वर हिरवी, अशी आठ ते दहा सेंटिमीटरची फांदी हवी. ती कात्रीनं कापण्यापेक्षा अंगठ्यात धरून खाली ओढून काढा, म्हणजे मोठ्या फांदीच्या सालीची एक छोटी जीभ तिच्याबरोबर येते. माळी तिला टाच म्हणतात. त्या जागी वाढणाऱ्या पेशी दाट असतात, मुळं तिथून लवकर निघतात. लांब जीभ राहिली तर ब्लेडनं नीट करा. खालच्या तिसऱ्या हिश्श्यातली पानं काढून टाका, आणि बुडाला एका बाजूनं सेंटिमीटरभर साल हलकेच खरवडा.

मग हार्मोन. कृषी सेवा केंद्रात 'रूटिंग हार्मोन' म्हणून जी पावडर मिळते तिच्यात इंडोल ब्युटिरिक अॅसिड असतं, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या ऑक्सिनचा भाऊ. त्याचा मुळं फुटण्यासाठीचा उपयोग १९३५ पासून माहीत आहे. सूचिपर्णी झाडांना ते जरा तीव्र लागतं, म्हणून 'जून लाकडासाठी' असलेली पावडर मागा. बूड ओलं करून पावडरीत टेकवा आणि झटका. फासून लेप लावायचा नाही, जास्त झालं तर तेच विष होतं. मध, दालचिनी, कोरफड यांची नावं सगळीकडे ऐकू येतात. मध आणि दालचिनी बुरशीला थोडंफार रोखतात एवढंच, मुळं काढणं त्यांचं काम नाही. वडाला किंवा जास्वंदीला मध लावून मुळं फुटतात हे खरं, पण त्यांना काही न लावताही फुटतात!

फाटा थेट मातीत खुपसू नका, पावडर पुसली जाते. आधी पेन्सिलीनं भोक पाडा, मग फाटा सोडा आणि बाजूनं दाबा. माध्यम म्हणजे धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. खत अजिबात नको, मूळ नसलेल्याला जेवण कशाला? वर दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापून ती टोपीसारखी घाला, बूच उघडं ठेवा. आत ओल टिकते, पानांतून पाणी कमी उडतं. पण हे टोपडं थेट उन्हात ठेवलं तर आत भट्टी होते. उत्तरेकडच्या भिंतीलगत किंवा झाडाच्या सावलीत, भरपूर उजेडाच्या जागी ठेवा. दिवसाआड फवारा मारा, माती ओलसर राहिली पाहिजे, चिखल नको.

आणि मग काही करू नका. हे सगळ्यात अवघड. दर रविवारी उपटून 'मूळ आलं का' बघणारे लोक असतात. ते जर उपटत राहिले तर मूळ कधीच येणार नाही. आधी कापलेल्या जागी पांढरट गाठ धरते, तिला कॅलस म्हणतात. त्यातून आणि आजूबाजूनं मुळं निघतात. ज्युनिपरला याला तीन ते सहा महिने लागतात. वर सांगितल्याप्रमाणे हिरवेपणावर विश्वास ठेवायचा नाही, पोपटी शेंडा वाढू लागला की समजायचं. फाटा हलकेच ओढून पाहिला आणि त्यानं विरोध केला, तर खाली काहीतरी आहे. नोव्हेंबरात लावलेल्या फाट्यांना मार्चपर्यंत मुळं आली तरी तेव्हा हलवू नका. सावलीत तसाच उन्हाळा काढू द्या आणि पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर जुलैत एकेक वेगळा करा. दहा लावले तर चार-पाच हाती लागावेत एवढीच अपेक्षा ठेवा, म्हणून लावताना दहा लावा.

आता गुटी. डाळिंब, पेरू, लिंबू ज्यांच्या घरी आहे त्यांना ही नवी नाही. पण ती का चालते हे मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल. झाडाच्या खोडात दोन पाइपलाइनी असतात. आतल्या लाकडातून पाणी वर चढतं, ही रायझिंग मेन. बाहेरच्या सालीतून पानांत तयार झालेली साखर आणि ऑक्सिन खाली उतरतं, ही रिटर्न लाइन. आपण फांदीभोवती सालीचं एक कडं पूर्ण काढून टाकतो. रायझिंग मेन शाबूत आहे, पानांना पाणी मिळतंय. रिटर्न मात्र बंद. उतरणारी साखर आणि ऑक्सिन कड्याच्या वरच्या काठाशी अडतं, साठतं, आणि तिथे ओल असली की फांदीला वाटतं, चला, इथेच मुळं काढू. कापण्याआधीच झाडाला मुळं! फाट्यात जो 'पाण्याविना उपाशी' असा धोक्याचा काळ असतो तो इथे नाहीच.

पावसाळ्याच्या तोंडाला, अंगठ्याएवढी जाड फांदी निवडा. फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंदीचं सालीचं कडं धारदार ब्लेडनं काढा. खालचा हिरवट, बुळबुळीत थर नीट खरवडा. तो राहिला तर झाड चार दिवसांत पूल बांधून रिटर्न पुन्हा चालू करतं. वरच्या काठाला पावडर लावा. भिजवून पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ किंवा कोकोपीट मूठभर घेऊन भोवती थापा, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं घट्ट बांधा. ऊन लागत असेल तर वरून चांदीसारखा कागद. वडाला, नांदरुकाला चार-सहा आठवड्यांत पिवळसर-पांढरी मुळं प्लॅस्टिकला येऊन टेकलेली दिसतात. ज्युनिपरला तेवढेच महिने लागले तरी नवल नाही. आतलं शेवाळ मध्येच सुकलं तर इंजेक्शनच्या सिरिंजनं पाणी सोडा. मुळांचं चांगलं जाळं दिसलं की खालून कापा, प्लॅस्टिक काढा, शेवाळ न झटकता कुंडीत लावा.

गुटीचा बोन्सायवाल्यांना मोठा फायदा काय? वेळ. फाट्यापासून अंगठ्याएवढं खोड व्हायला बरीच वर्षं जातात, आणि तीही तबकात नव्हे तर मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत मोकळं वाढवलं तर. खोड जाड होतं ते पानांच्या कमाईवर. फाट्याला दुसऱ्याच वर्षी तबकात घालून पानं छाटत बसलं तर तो दहा वर्षांनीही काडीच राहतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ज्युनिपरचा फाटा फार तर पेन्सिल-बोटाएवढा होईल, हे आधीच सांगून ठेवतो. गुटीनं मात्र झाड तयार जाडीसकट मिळतं.

मातीबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण आपल्या भागातले बोन्साय उन्हापेक्षा मातीनं जास्त मरतात. आपली काळी कसदार माती कापसाला सोन्यासारखी, पण तबकात ती शत्रू. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळं तोडते. शिवाय तिचे कण इतके बारीक, की हवा आत जातच नाही. इथे एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा धरा. पुन्हा धार लागेल! स्पंज तोच, भोकं तीच, पण उंची वाढली. केशाकर्षणानं तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो, आणि त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा हा थर तीन सेंटिमीटरचा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत खालचा पाचवा हिस्सा चिखल, बाकी मोकळा. पाच सेंटिमीटरच्या तबकात मात्र निम्म्याहून जास्त भाग कायम चिखल. मुळं कुजणार नाहीत तर काय! तळाशी खडी-खापऱ्या घातल्यानं निचरा होतो हा आपल्याकडचा जुना समज आहे, पण त्यानं तो चिखलाचा थर फक्त वर सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

उपाय एकच, कण मोठे ठेवा. म्हणजे भोकं मोठी होतात आणि अडणारा थर बारीक होतो. जपानी लोक त्यासाठी अकादामा नावाची भाजल्यासारखी दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे ती मागवायची गरज नाही. पक्क्या भाजलेल्या विटा किंवा फुटकी कौलं फोडा. सिव्हिलच्या लॅबमध्ये चाळण्या आहेतच (सरांना विचारून!). ४.७५ मिलिमीटरमधून खाली पडलेला आणि २.३६ वर राहिलेला माल घ्या, खालची भुकटी फेकून द्या. असा विटांचा चुरा तीन भाग, त्याच मापाची धुतलेली जाड वाळू किंवा मुरूम दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा कोकोपीट एक भाग. ज्युनिपर असेल तर हा शेवटचा भाग अर्धाच. कण मोठे झाले की पाणी वारंवार द्यावं लागतं, ती किंमत आहे. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरी खपली धरते, तेव्हा पावसाळ्यात चांगलं धुऊन निघू द्या.

मे महिन्यासाठी आपल्या माठाचं शास्त्र वापरा. माठाचं पाणी गार का राहतं? छिद्रांतून पाझरतं, वाऱ्यानं उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. झाडाची कुंडी एका मोठ्या, बिनरंगाच्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवा. वाऱ्याची जागा असेल तर आतली कुंडी बरीच गार राहते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. गच्चीच्या तापलेल्या कोब्यावर कुंडी टेकवू नका, खाली दोन विटा घाला. कोरड्या उष्ण दिवसांत ज्युनिपरवर लाल कोळी येतो, कपाशी-भेंडीवाल्यांना तो ठाऊक आहे. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, चालणारे ठिपके दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. बहुधा तेवढं पुरतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, इतका पाहुणचार कशाला? बरोबर आहे. मी स्वतः चाळीसगावचा, आणि माझं मत विचाराल तर खानदेशी बोन्साय म्हणजे वड, नांदरूक, पिंपळ, चिंच. चिंचेचं बी पावसाळ्यात उगवतंच, पानं जन्मतःच बारीक, ऊन तिला लागत नाही. वडाची तर मनगटाएवढी फांदी जुलैत रोवली तरी फुटते. म्हणजे ज्या जाडीसाठी ज्युनिपरवाला वर्षानुवर्षं थांबतो ती वडात पहिल्याच दिवशी हातात! कापल्यावर चीक येतो तो ओल्या फडक्यानं पुसा, डोळ्यांना लावू नका.

आणि होस्टेलवर तर खजिनाच आहे. पाण्याच्या टाकीखाली, पावसाच्या पाइपाच्या कोपरात, जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलेले असतात. बुलबुल-साळुंक्या फळं खातात आणि बी तिथे टाकतात. मूठभर धुळीवर, तहानलेलं, दरवर्षी कापलं जाणारं ते झाड निसर्गानंच अर्धं बोन्साय केलेलं असतं, खाली गाठ धरलेली आणि वर चार पानं. इमारतीला ते घातक असतं, त्याची मुळं भिंत फोडतात, म्हणून देखभालवाले दरवर्षी ते तोडतात आणि दरवर्षी ते पुन्हा फुटतं. पहिल्या पावसानं गिलावा ओला झाला की रेक्टर सरांची परवानगी आणि माळीकाकांची छन्नी घेऊन गाठीसकट जितकं मूळ येईल तितकं काढा. मोठी पानं सगळी छाटून, सावलीत, वरच्याच मिश्रणात लावा. तीन-चार आठवड्यांत फुटतं. भिंतही वाचते, झाडही.

पण हाच उद्योग जंगलात करायचा नाही. पाटणादेवीला ट्रिपला गेलं की कड्यावरची खुरटलेली, वाकलेली झाडं बघून हात शिवशिवतात, हे खरं. तो सगळा भाग गौताळा औट्रामघाट अभयारण्याचा आहे, १९८६ पासून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून झाडच काय, फांदीही आणता येत नाही. शिवाय शंभर वर्षं खडकात रुतलेलं मूळ उपटलं तर ते झाड बहुधा जगतही नाही.

आकार देण्याबद्दल थोडक्यात. तारेनं फांदी वळवतात. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे पंचेचाळीस अंशात. जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार फुकट मिळते, फक्त ती लाल होईपर्यंत तापवून गार करा, म्हणजे मऊ पडते. वाकवली की ती पुन्हा ताठ होते आणि फांदीला धरून ठेवते, मटेरियल सायन्सचं अॅनीलिंग आणि वर्क हार्डनिंग ते हेच. वड-पिंपळावर पावसाळ्यात महिन्याभरातच तार रुतायला लागते, बघत राहा. ज्युनिपरवर सहा महिने चालते. ज्युनिपर छाटताना एक पथ्य, फांदीवर थोडी तरी हिरवळ ठेवा. पिंपळ ठोकून काढला तरी फुटतो, ज्युनिपरची पूर्ण उघडी केलेली फांदी पुन्हा फुटत नाही.

छोट्यातून मोठ्याचा भास कसा निर्माण करायचा, हे शिकायला चाळीसगावकरांना जपानला जायची गरज नाही. स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्य काढलेले कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) टेबलावर इवल्या वस्तू मांडून फोटो काढत, आणि बघणाऱ्याला ते खरं दृश्य वाटे. त्यांचं काम आजही चाळीसगावला बघायला मिळतं. बोन्सायमध्ये हीच युक्ती असते. खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं, पानं जमेल तितकी लहान, खालच्या फांद्या लांब, वरच्या आखूड, की हातभर झाड पारावरच्या वडासारखं दिसू लागतं.

शेवटी होस्टेलचा सगळ्यात मोठा प्रश्न, सुट्टी. आठ दिवसांची असेल तर बादलीभर पाणी उंचावर ठेवून सुती दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीत खोचा. दिवाळीची मोठी असेल तर सलाईनची रिकामी बाटली आणि नळी धुऊन घ्या, मिनिटाला थेंब किती ते चाकानं ठरवा. जैन इरिगेशनच्या जळगावात ठिबक कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र कुठलीच युक्ती पुरत नाही, तेव्हा झाड माणसाकडेच द्यावं लागतं. वॉचमनकाकांच्या खोलीमागे लिंबाची सावली आणि नळ दोन्ही आहे, त्यांना आधी विचारून ठेवा. आणि फायनल इयरला गेलात की नोव्हेंबरातच एखाद्या सेकंड इयरवाल्याला बरोबर घेऊन फाटे लावा. जुलैत ते वेगळे करायची वेळ येईल तेव्हा तुम्ही इथे नसाल, तो असेल.